गोठ्यातल्या खोल्या

नीलम्माने पहार घातली आणि गव्हाणीचा पहिला दगड उचकटला. खालून वाळवी निघाली. पदराने नाक झाकून ती पुढच्या दगडाकडे वळली.

सलग दुसरं साल कोरडं गेलं होतं. रानात काडी उरली नाही, म्हणून तिच्या नवऱ्याने, गुरुबसप्पाने, बैलजोडी निलंग्याला मेहुण्याकडे नेऊन ठेवली होती. तिकडे उसाचं वाढं तरी मिळत होतं. इकडे लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि उस्मानाबादहून बदलून आलेले कारकून खोलीसाठी गल्लोगल्ली विचारत फिरत होते.

"हे काय करायलीस?" गुरुबसप्पाने दारातूनच विचारलं.

"खोल्या काढते. भाड्याला."

"आन् बैल आल्यावर कुठं बांधायचे?"

"आल्यावर बघू की."

तो आत आला नाही. जनावरांच्या जागेचं भाडं खायचं त्याच्या जिवावर आलं होतं. त्याने अडवलं नाही, पण त्या दिवसापासून गोठ्याकडे फिरकलाही नाही.

नीलम्माने माहेरच्या पाटल्या मोडल्या. मधे भिंती घालून तीन खोल्या पाडल्या, फरशी बसवली, चुना दिला. शेणाचा वास मात्र जाईना. पहिला कारकून खोली बघायला आला तेव्हा तिने आधीच सांगून टाकलं,

"इथं आमचे बैल होते. वास येतो जरा."

"मी सध्या कचेरीच्या व्हरांड्यात झोपतो, बाई," तो म्हणाला आणि वळकटी आणायला गेला.

संक्रांतीपर्यंत तिन्ही खोल्या भरल्या. माणसांना जेवणही लागे, म्हणून तिने डबे सुरू केले. डब्यांच्या कमाईतून शेजारची वैरणीची कोठी साफ करून तिचीही खोली केली. गुरुबसप्पा ओट्यावर बसलेला असे. कुणी भाडं द्यायला आलं की तो मान वळवून रस्त्याकडे बघे.

चैत्रात निलंग्याहून नीलम्माच्या भावाचा निरोप आला. वाढं संपलं होतं, बैल घेऊन जा म्हणत होता.

"कोठीची खोली कुणाला दिली न्हाई अजून," जेवताना नीलम्मा म्हणाली. "तिथं मावतील."

गुरुबसप्पाने आमटीत बुडवलेला तुकडा तसाच धरून ठेवला.

"मावतील. खायला काय घालू त्यांला?"

सकाळच्या एसटीने तो गेला. दुसऱ्या दिवशी परतला तो एकटाच. त्याने पाय धुतले. नीलम्माने ताट वाढलं.

"बाजारात लई जोड्या आल्या होत्या," हात धुताना तो एवढंच बोलला.

त्याच आठवड्यात एक नवा माणूस ट्रंक घेऊन दाराशी आला. नीलम्मा चुलीपुढे भाकरी थापत होती. ओट्यावरचं बोलणं तिला आत ऐकू येत होतं.

"खोली आहे असं कळलं. मालक आपणच का?"

नीलम्माचा हात थांबला.

"मालकीण आत हाय," गुरुबसप्पा म्हणाला. "या, मी दाखवतो खोली."

ट्रंक उचलल्याचा आवाज झाला. पावलं गोठ्याच्या बाजूला गेली, मग कोठीची कडी वाजली.

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. नीलम्माने ती उलटली आणि आणखी एका माणसापुरतं पीठ परातीत घेतलं.