चौदा भोकांचा पत्रा

जयवंताच्या गोठ्याच्या उभ्या पत्र्यावर चौदा भोकं होती. डावीकडे नऊ, मधे चार आणि वर उजव्या कोपऱ्यात एक. मी दोनदा मोजली, कारण पहिल्या वेळी मधे म्हैस आली.

माझे मामा साहेबराव फौजेतून निवृत्त होऊन वरकुट्याला आले आणि त्यांनी बाराबोअरच्या बंदुकीचा परवाना काढला. उसात रानडुकरं शिरली की लोक त्यांना बोलवत. शनिवारी संध्याकाळी त्यांनी एक बार काढला होता. जयवंताचं म्हणणं, तो त्याच्या पत्र्यावर बसला. मामांचं म्हणणं, नळी ओढ्याकडे होती. परवान्याचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं. पोलीस पाटील अप्पांनी अहवालात एक वाकडी ओळ लिहिली, तर बंदूक ठाण्यात जमा होणार होती. म्हणून मामांनी मला बारामतीहून बोलावून घेतलं. मी तिथे कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होते. येताना बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर कॅलिपर पिशवीत टाकला.

अप्पा गोठ्यासमोर बाजेवर कागद घेऊन बसले होते. "रविवारी जयवंता आला तवा मी म्हणलो, एवढ्याशानं काय हुतंय, खिळ्याचं असंल. सोमवारी परत आला, तर म्हणतो, पत्र्याची चाळण झालीया."

"नीट बघितल्यावर दिसलं," जयवंता म्हणाला.

"दुधात पाणी घालताना बी असंच नीट बघत जा," मामी चतुराबाई चहा देता देता म्हणाल्या.

मी मामांना शनिवारच्याच डब्यातलं एक काडतूस उघडायला सांगितलं. त्यांनी ते वर्तमानपत्रावर मोकळं केलं. खाली पितळी बूड, त्याच्या मधोमध ठिणगी पाडणारी टोपी. त्यावर दारू, ती मामांनी वाटीत काढली आणि मामींनी ती वाटी आपली नाही असं जाहीर केलं. मग नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, जाड बूच. दारूचा धूर पुढे निसटू न देता छर्रे एकदम ढकलायचं काम त्याचं. बुचावर छर्रे, आणि सगळ्यात वर झाकणासारखी पुठ्ठ्याची चकती.

छर्रे मी अप्पांच्या तळहातावर मोजले. नऊ.

"उडाल्यावर फुटत असतील," जयवंता म्हणाला.

"शिसं हाय ते, डाळिंब न्हाय," मामा म्हणाले.

"मग दोन बार काढलं असतील."

"एकच झाला," अप्पा म्हणाले. "मी पारावर हुतो."

मामांनी मिशीवरून हात फिरवला. मिटवून घ्यायची हीच वेळ होती, पण मामा फौजी होते. ते माझ्याकडे वळले. "दिशा, आता एकेक भोक मोज. ह्यातलं एक जरी माझ्या छर्‍याचं निघालं, तर बंदूक मी सोताहून ठाण्यात टाकतो. लिवा अप्पा."

"आन एक जरी माझ्या खिळ्याचं निघालं," जयवंताही उठून उभा राहिला, "तर वरीसभर तुमच्या घरी दूध फुकट. लिवा."

"बिनपाण्याचं," मामी म्हणाल्या.

अप्पांनी तेही लिहिलं. दोघांनी सह्या केल्या. जयवंताची नजर एकदा कोपऱ्याकडे गेली, मामांची ओढ्याकडे.

आधी छर्रा मोजला: ८.४ मिलिमीटर. मग गोठ्याच्या खांबाला दावं अडकवायला ठोकलेला खिळा, कारण आसपास दुसरा नव्हता: ५.० मिलिमीटर. मग डावीकडून सुरुवात करून पत्रा मोजला. शेवटच्या कोपऱ्यासाठी मला गव्हाणीवर चढावं लागलं. अप्पा आकडे उतरवून घेत होते.

तेरा भोकं, प्रत्येकी ५.० ते ५.२ मिलिमीटर. एक भोक, वर उजवीकडचं, ८.५ मिलिमीटर.