चार महिन्यांचे अंतर

कुटुंबाच्या नोंदपत्रकानुसार नंदार विन आणि तिचा थोरला भाऊ यांच्या जन्मांत चार महिन्यांचे अंतर होते. आई एकच.

दोघांच्याही वेळची बाळंतपणे दॉ तिन मे या सुईणीने केली होती; गाव तिला ‘सयामा’, म्हणजे बाई, म्हणे. तिच्या जन्मनोंदींच्या वहीप्रमाणे नंदार पंधरा वर्षांची होती, पत्रकाप्रमाणे अठरा. सैन्यभरतीची यादी पत्रकावरून होई, आणि तीत नंदारचे नाव आले होते. विवाहितेला सूट होती. वासो महिन्याच्या पौर्णिमेनंतर, वर्षावासाचे तीन महिने, लग्ने होत नाहीत आणि पौर्णिमा तोंडावर आली होती. म्हणून तिचे लग्न उद्याच होते, ट्रॅक्टर चालवणाऱ्या एका विधुराशी.

दॉ तिन मे वही घेऊन गेली. नंदारचा बाप, ऊ थॉंग शे, अंगणात बांबू चिरत होता.

“पंधराच्या पोरीला भरतीत नेत नाहीत. चला कचेरीत, मी येते सोबत.”

“तुमची वही ते चहाच्या कपाखाली ठेवतील, सयामा.”

“ठेवू देत. आधी वाचतील तरी.”

“सयामा, त्या ट्रॅक्टरवाल्याकडे टीव्ही आहे म्हणे,” ओसरीवरून नंदार म्हणाली. “चालतो का, ते मात्र कुणी सांगत नाही.”

“पाणी आण जा,” बाप म्हणाला. ती गेल्यावर त्याने कोयता खाली ठेवला. “कारकुनानं चुकून नाही लिहिलं. मी सांगितलं तसं लिहिलं.”

“मग आता खरं सांगा.”

“म्हणजे मला आत टाकतील. मागं थोरल्या पोराला भरतीतून कोण सोडवणार? आज ना उद्या त्याचंही नाव यादीत लागेल की.”

दॉ तिन मेने या म्हणण्यात खोट शोधली. तिला ती सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी लग्नाच्या कागदावर साक्षीदार कमी पडला. ‘वधूचे वय : अठरा’ या ओळीखाली दॉ तिन मेने सही केली. नंदारच्या गालांवर थनाखाच्या सालीच्या लेपाचा जाड थर होता. तरी ती पंधराचीच दिसत होती.

पत्रकात वय वाढण्याचे कारण असे होते. थिंज्यानच्या, म्हणजे नववर्षाच्या सणाच्या, आधी त्यांच्या शेतात सुरुंग पेरले गेले आणि शेती बंद पडली. यांगोनच्या शिवणकारखान्यात अठराखालच्या मुलींना घेत नसत. म्हणून बापाने पत्रकात मुलीचे वय तीन वर्षांनी वाढवून घेतले. कारखान्याने तिला पाहताच परत पाठवले. पत्रक तसेच राहिले.