जाणाऱ्याला च्याओझ, येणाऱ्याला शेवया

मी एक जुनं लाटणं आहे. बोरीच्या लाकडाचं, दीड वीत लांब, तुमच्या घरच्या लाटण्याहून बरंच बारीक. हसू नका मित्रांनो, आमच्या चीनमधल्या त्सांगचौ शहरात बारकं लाटणंच चपळ मानतात. गेंगकाकांनी मला स्वतःच्या हातानं तासलं आणि लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात शूचिनकाकूंना दिलं.

आमच्याकडे एक रीत आहे. घरचं माणूस परगावी निघालं, की पाऱ्या लाटून, त्यांत सारण भरून च्याओझ करायचे. ते परत आलं, की पोळी लाटून तिच्या लांब शेवया कापायच्या. दोन्ही कामं माझीच. एकुलता एक मुलगा हायबो नोकरीसाठी दूर गेला, तेव्हापासून तर माझा रुबाब वाढला. "आई, मी तुझ्या शेवयांसाठीच येतो," असं तो म्हणे. कौतुक सगळं काकूंचं व्हायचं, पण मला त्याचं काही वाटत नसे.

एका हिवाळ्यात तो यायचा होता. शेवयांची पोळी लाटून तयार होती. तो वाटेतच अपघातात गेला. पोळी ओट्यावर वाळून तडकली. काकूंनी मला फडक्यात गुंडाळलं आणि कपाटाच्या तळाशी ठेवलं. पुढे कितीतरी वर्षं त्या घरात विकतच्या शेवया आल्या. काकू कुणाला 'ये' म्हणेनात. आता कुणाची वाट पाहायचीच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. अंधारात मला त्यांची फार आठवण यायची. माझ्या अंगाला चिरा पडल्या.

मग विद्यापीठातून जान लू नावाची मुलगी येऊ लागली. एकुलतं मूल गमावलेले आईबाप त्या दुःखानंतर मनानं किती वाढले, हे मोजायचं तिचं काम. वसंताच्या सणाला गावी निघायच्या दिवशी तिनं विचारलं, "काकू, माणसांशी तुमची जवळीक वाढली का? शून्य ते पाचमध्ये सांगा."

"शून्य लिही. गाडी कधीची तुझी?"

"संध्याकाळची."

"आणि जेवलीस काय? डोंबल?"

काकू तरातरा उठल्या. कपाट उघडलं, माझ्यावरचं फडकं सोडलं आणि मला तेलाचा हात लावला. पहिली पारी वेडीवाकडी झाली. दुसरी मात्र कडेला पातळ, मध्ये जाड, अगदी पूर्वीसारखी उतरली.

काका दारातून म्हणाले, "शून्य म्हणालीस ना? मग एवढं पीठ कुणाला?"

"म्हाताऱ्या, गुमान पात चीर."

निघताना जान लूनं विचारलं, "काकू, शून्यच ठेवू ना?"

"ठेव की." काकू डब्याचं झाकण उगाच दाबत राहिल्या. "परत कधी येशील?"

काकांची सुरी थांबली. हा प्रश्न त्या घरात हायबोनंतर कुणी कुणाला विचारला नव्हता.

"पंधरवड्यानं येते."

"उशीर होणार असेल तर फोन कर. शेवया ताटकळल्या की बिघडतात."

मित्रांनो, आज ती यायची आहे. गाडी उशिरा येतेय, असा तिचा फोन येऊन गेला. काकूंनी पोळीवर ओलं फडकं घातलंय, म्हणजे ती वाळायची नाही. काकांनी पाणी चढवलंय. मी पिठानं माखून ओट्यावर पडलोय आणि सुखात आहे. तुमच्या घरात एखादं लाटणं फडक्यात गुंडाळून ठेवलं असेल, तर त्याला बाहेर काढा, तेलाचा हात लावा. कुणीतरी यायचं असतं.