मातीचा माग

बालवाडीची वेळ अकराची, पण मदतनीस अंजनाबाई दहालाच खोली झाडून, रांजण भरून, चटई अंथरून मोकळी व्हायची. मग गल्लीत फिरून एकेक पोर गोळा करायची. नखे बघायची, नाके पुसायची. शिकवणाऱ्या शोभाताई आल्या की प्रार्थना, गाणे, मणी मोजणे आणि एक वाजता लापशी खाऊन सुटी. लापशीआधी अर्धा तास माती. त्या अर्ध्या तासासाठी मुले बाकीचे सारे मुकाट सोसत.

गोळीबार चौकामागची ही विणकरांची गल्ली. घरोघरी माग खडखडत. बालवाडीची खोली मात्र गुलाबचंद शेटची. त्यांचे इतवारीत लुगड्यांचे दुकान, आणि बालवाडीच्या कमिटीचे अध्यक्षही तेच.

पोळ्याला आठ दिवस होते तेव्हा शेटनी बैलाचा लाकडी साचा पाठवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरांचा. त्या दिवशी आपल्या दारच्या तोरणाखाली बालवाडीचे वीस बैल उभे राहावेत, सारे एकसारखे, असा शेटचा हुकूम. पाहुणे येणार होते.

अंजनाबाईने साचा उलटसुलट करून पाहिला. रांजण बरेच दिवस डगमगत होता. त्याच्या बुडाशी तिने साचा टेकू म्हणून सारला. मुलांना सांगितले, बैल तर तुमच्या कोणाच्याच घरी नाही, मग तुमच्या घरी जे राबते ते करा.

श्रावणचा बाप सायकलरिक्षा ओढायचा. त्याने रिक्षा केली, तिन्ही चाके तीन मापांची. तरीही एकाने बैल केलाच, पाच पायांचा. पाचवा पाय शेपूट आहे असे त्याचे म्हणणे. पाच वर्षांच्या चंद्रकलाने माग केला. पुढे बापाचे पाय सोडायला बोटाने खड्डाही कोरला. वाळताना मागाला तडा गेला, तो तिने थुंकी लावून बुजवला.

शनिवारी शेट बघायला आले. फळीवर मांडलेले सारे त्यांनी पाहिले. हे सगळे कालवून संध्याकाळपर्यंत साच्यातून बैल काढा, म्हणाले, नाहीतर बालवाडीने दुसरी जागा बघावी. शोभाताईंनी मान खाली घातली आणि अंजनाबाईला हळूच म्हणाल्या, ऐका ना जरा. चंद्रकलाने दोन्ही तळहात मागावर पालथे घातले.

अंजनाबाईने हाताची माती लुगड्याला पुसली.

"शेटजी, पोळ्याले बैल काहून पुजतात?"

"सालभर राबतो म्हणून. तुला माहीत नाही का?"

"मंग इच्या घरी माग राबते. त्याच मागावरचं लुगडं तुमच्या दुकानात जाते. मोडाचं असन तर तुमी मोडा. माहा हात लागनार नाही."

शेटनी मागाकडे पाहिले, त्यावरच्या चिमुकल्या हातांकडे पाहिले. हात पुढे झाला नाही.

"माझ्या तोरणाखाली हे उभं राहणार नाही."

"नका राहू देऊ. आंब्याचा पाला का एकट्या तुमच्याच दारी येते?"

विणण्याआधी सुताचा ताणा ताणून त्याला पेज लावायला गल्लीत दोन खांब रोवलेले होते. तान्ह्या पोळ्याला माग बंद, खांब रिकामे. अंजनाबाईने त्यांना तोरण बांधले. सतरा पोरे आली. तिघांना आईबापांनी शेटच्या भीतीने घरी ठेवले होते. रिक्षा, माग, चूल, पाच पायांचा बैल, सारे रांगेत लागले. बायांनी कुंकू लावले आणि प्रत्येकाच्या ओंजळीत मुरमुरे-बत्तासे घातले. शोभाताई गल्लीच्या तोंडाशीच उभ्या होत्या. रिक्षाचे चाक निखळले तेव्हा मात्र त्या धावत आल्या आणि ते बसवायला मातीतच बसल्या.

दुसऱ्या दिवशी दहाला अंजनाबाई गेली तर खोलीला कुलूप. चटई आत, रांजण आत, रांजणाखालचा साचाही आत. तिने कुलूप एकदा ओढून पाहिले. मग घरून जुने लुगडे आणले आणि दोन खांबांच्या मधे अंथरले. ताणा लावायला चंद्रकलाचा बाप आला होता. त्याने खांबांकडे पाहिले, लुगड्याकडे पाहिले. एक वाजता लावतो, म्हणाला, आणि घरून पाण्याची घागर आणून ठेवली.

अकराला पोरे जमली. कोणी खोलीकडे बोट दाखवले.

"तिकडं काय पाहता?" अंजनाबाई म्हणाली. "नखं दाखवा."