राजसचे जावळ

वैशाखाचे ऊन त्या दिवशी माणसांवर डूख धरूनच उगवले होते. पांढरे ऊन. निष्ठुर ऊन. निर्लज्ज ऊन. तालुक्याच्या त्या दवाखान्यात लहान मुलांचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर होता आणि त्याच्या सगळ्या खिडक्या पश्चिमेला उघडत. ज्याने तो बांधला त्याला स्वतःची लेकरे नसावीत. दुपार कलली, की ते ऊन खाटाखाटांवरून सरपटत येई, आणि फिनेलचा उग्र दर्प, नासलेल्या दुधाचा आंबूस वास, लेकरांचे थकलेले, तुटके, केविलवाणे रडणे, सगळे त्याच्यात शिजत राही.

तिसऱ्या खाटेवर राजस होता. नऊ महिन्यांचा. दाट, काळेभोर, कपाळावर झेपावणारे जावळ, आणि त्या जावळाखाली ज्वराने कोमेजलेले इवलेसे तोंड. छातीत न्यूमोनिया. डाव्या हाताखाली पुठ्ठ्याची पट्टी, तिच्यावर चिकटपट्ट्यांची वेटोळी, आणि वेटोळ्यांच्या आत, शिरेत रुतलेली सुई.

दिवसातून तीनदा त्या सुईतून औषध जायचे. चार दिवस झाले होते, तीन उरले होते. उजवा हात होऊन गेला होता, दोन्ही पाय होऊन गेले होते. ढवळे सिस्टरांनी सकाळीच बजावले होते, "ही शेवटची शीर. ही गेली तर सुई डोक्यात लावावी लागेल, तेवढे केस काढून. जपा."

"जावळाला पातं लागायचं न्हाई," राजसची आजी कौसाबाई तिथल्या तिथे म्हणाली. "देवाला बोललेय मी. मामाच्या मांडीवर, देवाच्या पायरीवर उतरंल ते. तवर एक केस हलायचा न्हाई."

राजस आठव्या महिन्यात, ओंजळीत मावेल एवढा जन्मला होता. याला जगव, याचे पहिले केस तुझ्या पायरीवर वाहीन, असे तेव्हा ती बोलली होती, आणि तो जगला होता. तिच्या लेखी नातवाचा प्राण त्या केसांत होता. सून उर्मिला, तिच्या लेखी तो त्या सुईत होता. एक खाटेच्या या अंगाला बसली, दुसरी त्या अंगाला, आणि मधल्या दीड हातात त्यांचे वैर ऐसपैस बसले.

नऊ महिन्यांच्या जिवाला हात हलवू नको, हे सांगायचे कोणत्या भाषेत? उर्मिलेने सांगितलेच नाही. तिने सगळे जग त्याच्या उजव्या बाजूला मांडले. डावीकडे काहीच नाही, उजवीकडे सगळी मौज. रबरी हातमोजा फुगवून, गाठ मारून, काजळाने डोळे काढून तिने पाच तुऱ्यांचा कोंबडा केला. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची चुरचुर केली. वाटीवर चमचा वाजवला. वैरी उन्हालाही तिने कामाला लावले आणि भिंतीवर बोटांची हरणे पळवली. राजस उजव्या हाताने कोंबड्याला धपाटे मारी, हरणांकडे बघून हुंकारे. डावा हात निपचित. उर्मिलेची पाठ भरून येई, घसा कोरडा पडे, पण कोंबडा आरवतच राही.

"दवाखाना हाय का जत्रा?" कौसाबाई भिंतीला सांगे. उर्मिला चमचा आणखी जोरात वाजवी. तिला ही बाई नको होती. तिचा आवाज नको होता, तिचा तपकिरीचा वास नको होता, तिचे ते डोळे वटारून बसणे नको होते.

दुपारी शेजारच्या खाटेकडे पाहुणे आले. जाता जाता त्यांतली एक थबकली. "अगंबाई, काय जावळ आहे पोराला!" कौसाबाईने झटकन जावळावर पंजा झाकला.

चारच्या डोसचे इंजेक्शन आणायला उर्मिला खाली मेडिकलमध्ये गेली. रांगेत अर्धा तास मोडला. तेवढ्यात कौसाबाईने कनवटीचा काळा दोरा काढला. दृष्ट दुखऱ्या जागेलाच आधी धरते, म्हणून तो तिने डाव्याच हाताला बांधला, सुईच्या वर, कोपराच्या खाली. सैल राहिला तर पोर तोंडात घालील, म्हणून दोन वेढे. घट्ट. मग त्या हाताची तिने मायेने पापी घेतली.

उर्मिला परतली तेव्हा राजस किंचाळत होता. बोटे पावासारखी फुगली होती, मनगट काळेनिळे पडले होते. ढवळे सिस्टरांनी कात्रीने दोरा तोडला, पट्ट्या सोडवल्या, सुई उपसली. "गेली ही शीर," त्या म्हणाल्या.

उर्मिलेच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"हाताला कशाला बांधलात? गळ्यालाच बांधायचा होतात!"

"मी वैरी हाय व्हय त्याची?"

"हो. आज आहात."

सिस्टर पाते घेऊन आल्या. कौसाबाई खाटेपुढे आडवी उभी राहिली, काळीकभिन्न, कृश, ताठ. तिच्या मागे राजस रडता रडता दमला होता, आणि प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्यांमधली कातडी आत, आत, आणखी आत ओढली जात होती. "चारचा डोस चुकवता येणार नाही, आजी," सिस्टर म्हणाल्या. "आणि डोकं हललं तर पातं लागेल. ठरवा लवकर."

कौसाबाईने मागे वळून पाहिले. त्या बरगड्या पाहिल्या. मग ती खाटेवर चढली, मांडी घातली आणि नातू मांडीवर ओढला.

"मामाची न्हाई, माझीच मांडी हाय," ती भांडखोर सुरात छताला म्हणाली. "कोपायचं तर माझ्यावर कोप."

पण राजस स्थिर राहीना. उर्मिलेने कोंबडा नाचवला, त्याने तो भिरकावला. पाकिटे भिरकावली, वाटी भिरकावली. सगळ्या दुपारची विद्या एका क्षणात संपली. पाते हवेत थांबले होते, मान तडफडत होती, घड्याळ पुढे सरकत होते.

तेव्हा कौसाबाईने, चाळीस वर्षांत परक्यांपुढे जिचा पदर ढळला नव्हता त्या कौसाबाईने, डोक्यावरचा पदर खाली ओढला, अंबाडा सोडला आणि ती वाकली. पांढरे, विरळ, रुक्ष केस राजसच्या तोंडावर सांडले. त्याने ते दोन्ही मुठींत धरले. ओढले. रडणे थांबले. त्याने विस्मयाने पाहिले, पुन्हा ओढले, आणि खुदकन हसला.

पाते चालू लागले. कानाच्या वरचे काळे जावळ झुबक्याझुबक्याने कौसाबाईच्या पदरात पडू लागले. तो ओढत होता, ती वाकत होती. तो ओढत होता, ती वाकत होती. सुई शिरली तेव्हा त्याने किंकाळी फोडून सगळ्या बळाने त्या केसांना हिसडा दिला. कौसाबाईच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली, तोंडातून हूं की चूं नाही. उर्मिलेने ते पाहिले आणि तिला बरे वाटले. ओढ, तिने मनात म्हटले, आणखी ओढ.

औषध थेंबाथेंबाने उतरू लागले. हुंदके विरळ झाले, पापण्या मिटल्या. राजस झोपला. त्याच्या मुठी मात्र सुटल्या नाहीत.

"त्याच्या मुठी सोडवा आता," सिस्टर हळूच म्हणाल्या. "आजींची मान मोडेल."

उर्मिलेने हात पुढे केला. एक बोट उलगडले, की तो दचकेल. दचकला, की डोके हलेल. कौसाबाईने वर पाहिले नाही, तिला पाहता येतच नव्हते. "राहू दे," ती केसांआडून म्हणाली.

राग होताच. तो आज जाणार नव्हता, कदाचित कधीच नाही. उर्मिलेने हात मागे घेतला, पायथ्याची उशी उचलली आणि म्हाताऱ्या कोपराखाली सारली.

खिडकीत ऊन उतरत होते. नळीत थेंब उतरत होता. इवल्या छातीत श्वास उतरत होता, चढत होता. आणि कौसाबाई वाकलेलीच होती.