उतरवलेली पट्टी

जिभेवर लिंबाच्या गोळीची शेवटची कपची उरली होती, पातळ, कडेला धारदार. गिळावी की विरघळू द्यावी हे ठरेना, आणि तेवढ्यात स्टुडिओच्या काचेपलीकडचा लाल दिवा लागला. व्हर्डेल हॉब्जने ती गालात सरकवली. व्हायोलिनं सुरू झाली, आणि काय सुरेख सुरू झाली... इतक्या वर्षांत कोणी रेकॉर्ड करायला बोलावलं नव्हतं, आणि बोलावलं ते असं, व्हायोलिनांच्या ताफ्यासकट. पहिलं कडवं सरळ गेलं. मग ती वरची जागा आली, जिथे ऐन विशीत ती नुसता श्वास सोडायची आणि सूर आपोआप हजर असायचा – आणि आवाज फाटला. तिसऱ्यांदा, त्याच जागी.

एकेक वाद्य थांबत गेलं. तिला काहीतरी करायचं होतं, आणि तिने केलं काय, तर मान वळवून पियानोकडे पाहिलं.

"अ‍ॅन्सेल, कुठल्या पट्टीत वाजवतोयस तू?"

अ‍ॅन्सेल टिब्जने चष्मा काढला, टायच्या टोकाने पुसला, परत घातला. "माझंच चुकलं," तो म्हणाला. "वर घेतलं गेलं हातून."

"म्हातारबा, चष्म्याचा नंबर वाढला तुमचा," बेसवाला लूशस म्हणाला, आणि दोघे-चौघे हसले, हसायला हवं म्हणून. व्हायोलिनवाले बुटांकडे पाहत राहिले. सगळ्यांपुढे कागद होते आणि सगळ्या कागदांवर पट्टी एकच होती – तीच, तिने मागितलेली. चूक कोणाची ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं आणि प्रत्येकजण ती तिच्यासाठी झाकून धरत होता.

केसलर, हा सगळा घाट घालणारा तरुण, पट्टी विचारायला घरी आला होता. पहिल्या रेकॉर्डची, दुसरी कुठली, असं म्हणाले होते मी. अ‍ॅन्सेलने तोंड उघडलं तर, तू गप्प बस रे, असं म्हणून त्याच्या कपात कॉफी ओतली होती... रोज रात्री तो पियानोला आणि मी गायला, त्या क्लबातही तेच. गाणं सुरू करण्याआधी लोकांना सांगायचं, पोरगी असताना गायले त्याच पट्टीत गाते अजून, आणि टाळ्या घ्यायच्या. त्या वेळी अ‍ॅन्सेलची मान खाली असायची. का खाली असायची, हे आज कळावं? कधीपासून? आई गेली त्या हिवाळ्यात घसा बसला होता – तेव्हा थोडं उतरवलं असेल त्याने, आणि मग परत चढवलंच नसेल. मग आणखी थोडं. शब्दानेही न सांगता. झाकली मूठ त्याने इतकी वर्षं झाकून ठेवली, आणि मी ती चारचौघांत उघडली, वर खापर त्याच्याच डोक्यावर फोडलं.

केसलर काचेमागून बाहेर आला. फार अदबीने बोलत होता, तेच सोसवेना. "उतरवून लिहून घेऊ, मिस हॉब्ज, त्यात काय. आणि मिस्टर टिब्ज, तुम्ही आता दमलात. पियानोला आमचा माणूस बसेल."

"बरं," अ‍ॅन्सेल म्हणाला आणि कोट घ्यायला उठला.

तिच्या जुन्या रेकॉर्डांवर कंपन्यांनी कायम आपापले पियानोवाले बसवले. पाकिटाच्या मागच्या बाजूला त्याचं नाव पहिल्यांदाच छापून येणार होतं, या रेकॉर्डवर. न्हाव्याच्या दुकानात त्याने दहा जणांना सांगितलं होतं. मेम्फिसच्या बहिणीला फोन केला होता. व्हर्डेलनेच हट्टाने त्याला इथे आणलं, आणि आता तिच्या एका वाक्याने तो राहणार होता: चूक माझी आहे. वाक्य ओठांपर्यंत आलं... पण उद्या आपल्या वस्तीला, साऱ्या साउथ साइडला कळेल, व्हर्डेलचा आवाज गेला. तिने नुसतं पाणी मागितलं. स्वतःची किळस आली आणि तरी पाणी प्यायली, सावकाश, ग्लास रिकामा होईपर्यंत.

अ‍ॅन्सेल एक बाही शोधत होता.

"तर मिस हॉब्ज," केसलरने पेन्सिल काढली, तशा सगळ्यांनीच काढल्या. "कुठल्या पट्टीत लिहायचं?"

साधा प्रश्न. कोणतीही गाणारी बाई झोपेतही सांगेल. आणि तिला सांगता येईना. तिने आत शोधलं, खरंच शोधलं, पण तिथे होती ती फक्त त्या पोरीची पट्टी... मी कुठे गाते, हे मला माहीतच नाही.

दुसरी कुठलीही पट्टी ठोकून देता आली असती. पुन्हा फाटला असता आवाज, पुन्हा कोणीतरी म्हणालं असतं, माझंच चुकलं.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. गाल भाजत होते. "पट्टी मीच चुकीची सांगितली होती. माझी पट्टी त्याला ठाऊक आहे. त्याला विचारा."

पेन्सिली थांबल्या. मागे कोटाची सळसळ झाली, घालण्याची की काढण्याची, ते कळेना, आणि वळून पाहण्याचं धैर्य तिला नव्हतं. लाज जराही कमी झाली नव्हती. ती आता कोणी झाकत नव्हतं, इतकंच, आणि त्या उघड्या लाजेत ती मान वर ठेवून उभी राहिली, तो काय सांगतो ते ऐकायला.