मधलं बोलणं

“गाणी सगळी आहेत बाईसाहेब, एकही गाळलेलं नाही,” दुकानदार म्हणाला. “फक्त मधली बडबड काढून टाकलीय. एका सीडीत मावायला नको का?”

हर्मीनने डबी उलटसुलट करून पाहिली. बत्तीस वर्षांपूर्वी इथेच व्हिएन्नात ध्वनिमुद्रित झालेली ती विनोदी संगीतिका. अख्ख्या शहराला तोंडपाठ. वर सरदाराच्या वेषातल्या गायकाचा तोच रुबाबदार फोटो होता. तिच्या शेजारी तिचा नवरा फर्डिनांड गळ्याभोवती मफलर गुंडाळून उभा होता.

“बडबड?” हर्मीन भडकली. “त्या बडबडीसाठीच तर आलोय आम्ही! ती याची आहे, माझ्या नवऱ्याची!”

फर्डिनांडने तिची बाही ओढली.

“ओढू नकोस रे, बोलू दे मला. हा फोटोतला हिरो हंगेरीचा. गळा सोन्याचा, पण जर्मन बोलायला लागला की ऐकणाऱ्याला घाम फुटायचा. म्हणून गाणी त्याची आणि बोलणं याचं.”

ते खरंच होतं. रंगभूमीवर आयुष्यभर वेटर आणि हवालदार रंगवलेल्या फर्डिनांडच्या वाट्याला तेवढीच एक सरदारकी आली होती. नाव कुठे छापलं नाही. पण घरी पाहुणे आले की रेकॉर्ड लागायची. गाणं चालू असताना हा खुशाल कॉफी ओतत बसायचा, आणि बोलणं सुरू झालं की सगळ्यांना दटावून गप्प करायचा.

मग गळ्याचा कर्करोग झाला आणि स्वरयंत्र काढावं लागलं. आणि गेल्या महिन्यात हर्मीनने ती रेकॉर्ड धुऊन गरम शेगडीशेजारी वाळत ठेवली. पुरती वाकडी झाली. फर्डिनांडने कागदावर फक्त ‘असू दे’ लिहिलं. त्यापेक्षा त्याने चार ताटं फोडली असती तर तिला बरं वाटलं असतं. जुन्या बाजारात चार शनिवार घातले, तर मिळाली ती रेकॉर्डही नुसत्या गाण्यांची. लिंझला त्यांची नात आता बोलायला लागली होती आणि आजोबांचा आवाज तिने कधी ऐकलेला नव्हता. तेवढ्यात ही नवी सीडी निघाल्याचं कळलं होतं.

दुकानदार फर्डिनांडकडे बघतच राहिला. “म्हणजे पहाटे पिऊन घरी येतो आणि बायकोला थापा मारतो, तो सरदार तुम्ही? अहो, आमचे वडील जेवताना त्याची नक्कल करायचे! एकदा म्हणून दाखवा ना, प्लीज. एकच वाक्य!”

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. फर्डिनांडने सावकाश मफलर बाजूला केला आणि गळ्यावरचं भोक त्याला दाखवलं.

“माफ करा,” दुकानदार पुटपुटला. काय करावं ते न सुचून त्याने सीडी लावली. “एकदा ऐकून तरी बघा. कदाचित थोडंफार ठेवलं असेल.”

सरदार आणि मोलकरणीचं गाणं संपलं. आता नाटकात पहाट व्हायची होती, दार वाजायचं होतं. फर्डिनांडने डोक्यावरची टोपी काढली, पाठ ताठ केली, आणि त्याचे ओठ हलू लागले. दोन सेकंदांत व्हायोलिनं वाजली आणि पुढचं गाणं सुरूही झालं. त्याचं पहिलं वाक्यही संपलं नव्हतं.

दुकानदाराने हात पुढे करून गाणं बंद केलं.

फर्डिनांड थांबला नाही. काउंटरला एका हाताने धरून, किंचित झोकांडी देऊन, भुवया उडवत तो आपल्या थापा मारत राहिला. तोंडातून हवासुद्धा येत नव्हती. रेकॉर्डी चाळणारं एक गिऱ्हाईक मागे वळून बघू लागलं.

कुठल्या शब्दाला लोक हसायचे ते हर्मीनला पक्कं ठाऊक होतं. तो शब्द त्याच्या ओठांवर आला तेव्हा ती मोठ्याने हसली.